आई-बाबांसोबत न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि नायगारा: आठवड्यात बसेल का?

ऑक्टोबरच्या सुरुवातीला आई-बाबांना घेऊन अमेरिकेला जातोय. येणं-जाणं न्यूयॉर्कहूनच, हातात जेमतेम आठवडा. गाडी चालवणार नाही. बाबांचे गुडघे दुखतात, म्हणून रोज हॉटेल बदलणं नको.

वॉशिंग्टन नक्की. अ‍ॅमट्रॅकच्या रेल्वेने साधारण साडेतीन तास, स्मिथसोनियनची संग्रहालयं फुकट, आणि राइट बंधूंचं विमान बाबांना बघायचंच आहे. वाटेतलं फिलाडेल्फिया सोडलं.

अडचण नायगाराची, आईचा जीव त्यातच अडकलाय. रेल्वेने नऊ तास जातात. बसच्या सहलीही पाहिल्या, पण निम्मा वेळ रस्त्यातच. त्यापेक्षा विमानाने धबधब्याजवळचं बफेलो शहर गाठून एक मुक्काम करावा म्हणतोय, अमेरिकेच्याच बाजूला. कॅनडाचा व्हिसा नाही.

वयस्कर माणसांना घेऊन असं कोणी केलंय का? बफेलो विमानतळावरून धबधब्यापर्यंत कसे गेलात, आणि एक मुक्काम पुरला का?