मदत हवी आहे : स्टेंट बसवल्यानंतर वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया केव्हा करावी आणि कोणती करावी?

माझ्या थोरल्या भावासंबंधी सल्ला हवा आहे. दादाचे वय ४९ वर्षे. बार्शीला आमचे भुसाराचे दुकान आहे, ते तोच पाहतो. उंची १७० सेंटिमीटर. घरचा काटा १२० किलोच्या पुढे नुसता 'एरर' दाखवतो, म्हणून गेल्या आठवड्यात त्याने दुकानातल्या पोती मोजायच्या काट्यावर उभे राहून वजन केले, ते १२६ किलो ४०० ग्रॅम भरले. म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४३च्या वर गेला. समोर हमाल होते म्हणून तो "सव्वा क्विंटल भरलो की" असे म्हणून हसला. रात्री घरी मात्र ताटावर बसलाच नाही, असे वहिनीने सांगितले.

पाच महिन्यांपूर्वी त्याला हृदयविकाराचा झटका आला. सोलापूरला अँजिओप्लास्टी करून एलएडी या धमनीत औषधाचा लेप असलेला एक स्टेंट बसवला. तेव्हापासून रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून अ‍ॅस्पिरिन ७५ आणि टिकाग्रेलोर ९० दोन वेळा, त्याशिवाय अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, टेल्मिसार्टन आणि मेटोप्रोलॉलची दिवसभर हळूहळू विरघळणारी गोळी चालू आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड घेतो, तरी एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.४ आहे. टूडी इकोमध्ये हृदयाचे पंपिंग ४५ टक्के आले. झोपेची तपासणी केली, तेव्हा तासाला सरासरी ३८ वेळा श्वास अडतो असे निघाले. झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारे सीपॅप यंत्र आणून दिले आहे, पण मास्क लावला की जीव गुदमरतो म्हणून ते कपाटावर पडून आहे.

आता अडचण अशी आहे की, पुण्याच्या शल्यविशारदांनी स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून त्याची अरुंद नळी करण्याची) शस्त्रक्रिया सुचवली असून टिकाग्रेलोर पाच दिवस बंद ठेवून, अ‍ॅस्पिरिन मात्र चालू ठेवून, पुढच्याच महिन्यात ती करता येईल असे त्यांचे म्हणणे आहे. तर सोलापूरचे हृदयरोगतज्ज्ञ म्हणतात की झटक्यानंतर बारा महिने होईपर्यंत दुसऱ्या गोळीला, म्हणजे टिकाग्रेलोरला, हात लावायचा नाही. शल्यविशारदांना हृदयाच्या डॉक्टरांचे फिटनेसचे पत्र हवे होते. ते आणायला गेलो, तर कागदावर "हाय रिस्क, नातेवाइकांना समजावून सांगितले आहे" एवढीच ओळ आली. जबाबदारी आपल्यावर नको म्हणून दोघेही एकमेकांकडे बोट दाखवत आहेत, असे मला वाटते. पण मी डॉक्टर नाही, त्यामुळे हा अन्यायही असू शकतो. त्यात रुग्णालयाच्या समुपदेशक बाई दोन वेळा फोन करून "या महिन्यात नाव नोंदवले तर पॅकेजमध्ये सवलत आहे" असे सांगून गेल्या. तेव्हापासून आमचा भरवसा आणखी डळमळला.

मी माझ्या परीने थोडे वाचन केले आहे. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेले सुमारे दोन हजार आणि न झालेले तितकेच लठ्ठ लोक अनेक वर्षे नजरेखाली ठेवले गेले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रिया झालेले लोक इतर लठ्ठ लोकांपेक्षा सुमारे तीन वर्षे अधिक जगले, मात्र सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा त्यांचे आयुष्य सुमारे साडेपाच वर्षांनी कमीच राहिले. म्हणजे फायदा आहे, चमत्कार नाही. परंतु नुकताच झटका येऊन गेलेल्यांना त्या अभ्यासात घेतलेलेच नव्हते, मग ते आकडे दादाला कितपत लागू होतात? केवळ थांबायचे असेल, तर मधले सात महिने काय करायचे? आणि स्लीव्ह की गॅस्ट्रिक बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडणे), हे हृदयाकडे पाहून ठरवायचे असते की पोटाकडे पाहून?

(जाता जाता : आमच्या घरी बायपास म्हणजे एकच. मी फोनवर हा शब्द उच्चारला आणि आईने तो स्वयंपाकघरातून ऐकला. पुन्हा छाती उघडणार या समजुतीने तिने दोन दिवस अन्न घेतले नाही. "बायपास जठराचा आहे, हृदयाचा नाही" हे पटवल्यावर तिचा पुढचा प्रश्न आला, "मग पोट कापून कोणी बारीक होतं का?" याचे सोपे उत्तर कोणाकडे असेल तर तेही द्यावे.)

प्रतिसाद : भूलतज्ज्ञ, नाशिक

ताई, कागदपत्रे न पाहता रुग्णाविषयी निर्णय देता येत नाही, पण वेळेच्या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे. झटक्यासाठी स्टेंट बसवला असेल, तर टाळता येण्यासारखी शस्त्रक्रिया साधारणपणे बारा महिन्यांनंतर करावी हा प्रघात आहे, आणि वजनाची शस्त्रक्रिया आज-उद्या न केल्यास जीव जाईल अशा प्रकारातली नव्हे. स्टेंटच्या जाळीवर आतून पेशींचे अस्तर धरायला वेळ लागतो. तोपर्यंत उघड्या जाळीवर गुठळी धरू नये, यासाठीच दुसरी गोळी असते. शस्त्रक्रियेच्या ताणाने रक्त गोठण्याकडे झुकते आणि नेमके त्याच वेळी आपण ती गोळी थांबवतो. उलट, गोळी चालू ठेवली, तर स्लीव्हमध्ये जठरावर जी स्टेपलची लांबलचक रांग असते, ती रक्तस्राव करू शकते. दोन्हीकडून धोका आहे, म्हणून तुमचे दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी चुकीचे नाहीत. त्यांना एकाच वेळी एका फोनवर बोलायला लावा.

आकड्यांबद्दल तुमची शंका रास्त आहे. झटका येऊन गेलेल्या लठ्ठ रुग्णांचाच एक स्वतंत्र अभ्यास स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदींवरून झाला आणि २०२१ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेले ५०९ आणि त्यांच्याशी जुळणारे, न झालेले ५०९, अशी तुलना होती. आठ वर्षांत पुन्हा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांपैकी काही घडण्याचे प्रमाण पहिल्या गटात १८.७ टक्के आणि दुसऱ्यात ३६.२ टक्के आढळले. मात्र हा नोंदींचा अभ्यास आहे, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, त्यामुळे मुळात बऱ्या प्रकृतीच्या माणसांचीच शस्त्रक्रियेसाठी निवड झाली असण्याची शक्यता उरते. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या : त्यांतील बहुतेकांची गॅस्ट्रिक बायपास झाली होती, स्लीव्ह थोड्यांचीच. तुमच्यासमोर स्लीव्हचा पर्याय ठेवला आहे, म्हणून हा प्रश्न शल्यविशारदांना जरूर विचारा. मधुमेहावर बायपासचा परिणाम सहसा अधिक चांगला दिसतो आणि स्लीव्हनंतर छातीत जळजळ वाढू शकते. परंतु दादांना अ‍ॅस्पिरिन जन्मभर घ्यायची आहे आणि बायपासनंतर आतड्याच्या नव्या जोडावर व्रण होण्याची भीती असते, त्यामुळे आम्ल कमी करणारी गोळी सोबत लागते आणि अंगदुखीच्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या वर्ज्य होतात. तंबाखूने हा व्रण बळावतो. दादा तंबाखू खातात का, हे आपण लिहिलेले नाही.

सात महिन्यांत पहिले काम सीपॅपचे. तासाला ३८ म्हणजे तीव्र विकार झाला. नाकापुरता छोटा मास्क मिळतो, तो बदलून पाहा. दिवसा बातम्या बघताना अर्धा तास लावायची सवय केली की रात्री जमू लागते. रुग्णालयात जाताना स्वतःचेच यंत्र न्यावे. वजनाच्या इंजेक्शनांविषयी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. त्यांतल्या सेमाग्लुटाइडचा १७,६०४ लोकांवरचा जो मोठा अभ्यास २०२३ मध्ये आला, त्यात हृदयाच्या गंभीर घटना २० टक्क्यांनी कमी झाल्या, पण त्यात मधुमेही नव्हते हे लक्षात ठेवा. तसे इंजेक्शन चालू असेल, तर भूल देणाऱ्याला आधी सांगणे अत्यावश्यक, कारण जठर उशिरा रिकामे होते.

आईंना सांगा, पोट कापून चरबी काढत नाहीत. जठराची पिशवी लहान होते आणि भूक लावणाऱ्या संप्रेरकांचे गणित बदलते.

प्रतिसाद : स्वानुभव, ठाणे

माझी अँजिओप्लास्टी झाली आणि चौदा महिन्यांनी गॅस्ट्रिक बायपास. त्याआधी १३१ किलो होतो, आता ९२ आहे. शस्त्रक्रियेपूर्वी दोन आठवडे यकृत आकसावे म्हणून जवळजवळ द्रव आहारावर ठेवले होते, नंतरचे दोन आठवडे तर ताक, पातळ वरणाचे पाणी आणि प्रोटीनची पावडर एवढेच. एक वाटी वरण संपवायला मला पाऊण तास लागे.

कोणी आधी न सांगितलेली गोष्ट म्हणजे गोळ्या. आठवड्याभरातच रक्तदाब इतका उतरला की उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. ग्लिमेपिराइडसारखी साखर खाली ओढणारी गोळी तशीच चालू राहिली तर धोका असतो, म्हणून घरी परतण्याआधीच कोणती गोळी बंद, कोणती अर्धी, हे लिहून घ्या. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्यांऐवजी साध्या देता येतील का, तेही विचारा. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हे आता जन्माचे सोबती आहेत.

विम्याबाबत : विमा नियामकाच्या प्रमाणित अटींनुसार बीएमआय ४० किंवा अधिक असेल, अथवा ३५ असून हृदयधमनीविकार किंवा तीव्र स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडणे) यांसारखे आजार असतील, तर ही शस्त्रक्रिया वगळलेली नाही, मात्र साधे उपाय करून पाहिले आणि ते फसले याचा पुरावा लागतो. आहारतज्ज्ञाकडच्या चिठ्ठ्या आजपासून एका फाइलमध्ये लावा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. तंबाखूचे मी मुद्दामच लिहिले नव्हते. दुकानाच्या गल्ल्यात चुन्याची डबी असते आणि झटक्यानंतर ती सुटली असे दादा सांगतो. वहिनीने काल गल्ला उघडून पाहिला, डबी तिथेच होती आणि चुना ओला होता.

सवलतीच्या पॅकेजला नकार कळवला आहे. सोलापूरच्या डॉक्टरांनी येत्या शनिवारी पुण्याच्या डॉक्टरांशी आमच्यासमोरच बोलण्याचे कबूल केले आहे. नाकापुरत्या मास्कचे माप देण्यासाठी दादाचा फोटो मागवला आहे. तो मापे द्यायला तयार होत नसल्यास कोणती युक्ती करावी, हे ठाणेकर काकांनी कृपया लिहावे.