एकाच घरातला फ्लू, पुतणे तीन दिवसांत बरे, आमचा मुलगा ऑक्सिजनवर. घराण्यातून येतं का हे?

केळीबाग_रावेर:
मुलगा सव्वातीन वर्षांचा. कानबाईच्या रोटांना घरात पंचवीसेक माणसं जमली आणि पोरांमध्ये फ्लू पसरला. पुतणे तिसऱ्या दिवशी ओट्यावर खेळत होते, आमचा सहा दिवस ऑक्सिजनवर. दीड वर्षात न्यूमोनियाची ही तिसरी खेप. कानही सारखा वाहतो. पहिले सहा महिने मात्र साधी सर्दी नव्हती. डॉक्टर म्हणतात, अंगात ताकद नाही, खाऊ घाला. अहो, दूध, केळी, कळण्याची भाकरी, सगळं खातो तो.

सासूबाई पारोळ्याकडच्या. परवा त्याची छाती शेकता शेकता म्हणाल्या, "तेना मामाले बी आसंच व्हये." बायकोचा भाऊ पाचव्या वर्षी गेला एवढं माहीत होतं. कशानं, ते कधी कोणी बोललं नव्हतं. तेव्हापासून मला झोप नाही. कोणती तपासणी करू?

चोपड्याची_आई:
भाऊ, सासूबाईंचं ते वाक्य डॉक्टरांना आधी सांगा. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. आम्हालाही धागा मामापासूनच सापडला, माझे दोन भाऊ लहानपणी गेले होते.

माझ्या मुलाच्या रक्तात बी पेशी, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी, जवळजवळ नाहीतच, त्यामुळे जंतूंशी लढणारी ही प्रतिपिंडं बनत नाहीत. ब्रुटन नावाच्या डॉक्टरांनी 1952 मध्ये हा आजार मांडला, त्यामागचं जनुक 1993 मध्ये सापडलं. ते एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून आईकडून मुलाला येतं. पहिले काही महिने बाळ आईच्या प्रतिपिंडांवर निभावून नेतं, ती संपली की दुखणी सुरू होतात. तुम्ही लिहिलेलं ते सहा महिन्यांचं वाचलं आणि माझे हात गार पडले.

तालुक्यात आणि जळगावात मिळून सात जणांनी त्याचा घसा पाहिला होता. आठव्या डॉक्टरांनी बॅटरी मारली, बराच वेळ पाहिलं आणि मला विचारलं, "याचे टॉन्सिल काढलेत का?" काढले नव्हते. ते नव्हतेच, बी पेशींशिवाय टॉन्सिल वाढतच नाहीत.

तुमच्याकडे तेच आहे असं मी म्हणत नाही. पण तपासणी होईपर्यंत एक कराच: त्याला पोलिओचे थेंब देऊ नका, आणि घरात धाकटं भावंड असेल तर त्यालाही नको. थेंबांत जिवंत विषाणू असतो, शौचातून तो घरभर पसरतो. अशा मुलांना बाकीचे बरेच विषाणू झेपतात, पण पोलिओच्या जातीचे विषाणू थेट मेंदूपर्यंत जाऊ शकतात. पोलिओचं इंजेक्शन चालतं. बूथवाल्या ताईंशी वाद घालू नका, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा.

लॅब_धुळे:
ताईंचं बरोबर आहे. आधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि सोबत आयजीजी, आयजीए, आयजीएम, हे प्रतिपिंडांचे तीन प्रकार. हे साध्या रक्तातून होतं. कमी आलं तर फ्लो सायटोमेट्रीनं, म्हणजे पेशींचे प्रकार ओळखून मोजणाऱ्या यंत्रानं, बी पेशी आणि टी पेशी (विषाणू शिरलेल्या पेशी मारणाऱ्या) मोजतात. इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेल्या प्रतिपिंडांची, बाटली लावण्याआधी रक्त काढा, नंतर काढलं तर रिपोर्टमध्ये दुसऱ्यांची प्रतिपिंडं दिसतात.

आणि विषाणू कोणाला किती झोडपतो, हे शरीराची कोणती फळी मोडलीय त्यावर ठरतं. प्रतिपिंडं नसतील तर फ्लू वाट मोकळी करतो आणि मागून जिवाणू छातीत शिरतात. टी पेशी नसतील तर साध्या कांजिण्याही जिवावर बेततात. इंटरफेरॉनच्या, म्हणजे विषाणू शिरताच पेशी सोडतात त्या इशाऱ्याच्या प्रथिनाच्या, साखळीत खोट असेल तर खुद्द फ्लूच फुप्फुसं खातो. 2020 मध्ये गंभीर कोविडच्या 659 रुग्णांची जनुकं तपासली, तेव्हा साधारण 3.5 टक्क्यांत अशी जन्मजात खोट निघाली. त्यात धडधाकट समजली जाणारी माणसं होती. म्हणून "ताकद नाही" या उत्तरावर थांबू नका.

केळीबाग_रावेर:
काल रात्री मोबाइलच्या उजेडात घसा पाहिला, मग पुतण्याचा पाहिला. पुतण्याला दोन्हीकडे गोळे स्पष्ट दिसतात. आमच्याला मला काही दिसले नाहीत. बायकोनं पाहिलं आणि न बोलता आत गेली. धाकटी दहा महिन्यांची आहे, रविवारी तिला बूथवर न्यायचं होतं. ते थांबवलंय. ताई, पुढे कुठे जाऊ?

चोपड्याची_आई:
बायकोला सांगा, मी वाहक आहे, म्हणजे ते खराब जनुक माझ्याकडून गेलं, हे कळल्यावर मीही महिनाभर आरशात पाहिलं नव्हतं. यात तिचा काही दोष नाही.

परळला केईएमच्या आवारातच आयसीएमआरची, म्हणजे केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, एनआयआयएच ही रक्त आणि प्रतिकारशक्तीच्या आजारांची संस्था आहे, आमचं निदान तिथेच झालं. जुन्या फायली, एक्सरे, सगळं घ्या. मामाचे कागद नसतील तर वय आणि दुखणं लिहून घ्या.

निदान झालंच तर घाबरू नका. माझ्या मुलाला दर 28 दिवसांनी इम्युनोग्लोब्युलिन लागतं. बाटल्या थर्माकोलच्या डब्यात बर्फासोबत आणते, एसटीत डबा मांडीवर धरते. हलवायच्या नाहीत, फेस येतो. मग चार-पाच तास थेंब-थेंब जातात आणि तो तिथे बसून गृहपाठ करतो. गेल्या दोन वर्षांत एकदाही अ‍ॅडमिट नाही.

भुसावळहून रात्रीची गाडी धरा, सकाळी दादर. या रक्ताला उपाशीपोटी लागत नाही, पोराला खाऊ घालूनच न्या.