वळवाच्या पावसानंतर संगणक सुरूच होत नाही. मदरबोर्ड खरोखरच गेला असेल का?

सहकारनगरकर

नमस्कार. वडिलांचा डेस्कटॉप गेल्या शुक्रवारपासून बंद आहे. तो आठ वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेला असून एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) कॅबिनेटसोबत आला होता तोच आहे. गुरुवारी संध्याकाळी वळवाचा पाऊस कोसळला, दोन-तीनदा लाइट गेले आणि आले. शुक्रवारी सकाळी बटण दाबले, तर पंखा फिरला नाही, बीप वाजला नाही, पुढचा दिवाही लागला नाही. सॉकेट बदलून पाहिला, मॉनिटरची पॉवर केबल कॅबिनेटला लावून पाहिली, पण फरक पडला नाही. मात्र कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की हलक्या झिणझिण्या येतात, म्हणजे वीज आतपर्यंत पोहोचत असावी.

घरी आलेल्या तंत्रज्ञांनी चोवीस पिनांचा कनेक्टर मदरबोर्डवरून काढला आणि यू-क्लिपने त्यातली हिरवी तार काळ्या तारेला जोडली. एसएमपीएसचा पंखा फिरू लागल्याबरोबर त्यांनी मदरबोर्ड गेल्याचे सांगून साडेनऊ हजार रुपयांचा अंदाज दिला. वडील सोसायटीचे हिशेब याच यंत्रावर ठेवतात आणि लेखापरीक्षकांना कागद द्यायचे आहेत. खर्च करण्यापूर्वी हे निदान बरोबर आहे का, ते जाणून घ्यायचे आहे.

जुना सोल्डर

आधी हिशेबांची चिंता सोडा. ते हार्ड डिस्कवर आहेत, आणि मदरबोर्ड गेला असला तरी डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते.

आता निदानाविषयी. क्लिपची चाचणी खोटी नाही, पण ती अर्धवट आहे. त्या वेळी एसएमपीएसवर त्याच्या स्वतःच्या पंख्याखेरीज कसलाही भार नसतो. रिकामी हातगाडी ओढून दाखवणारा माणूस भरलेली गाडी ओढेलच असे नाही. पंखा फिरला नाही तर एसएमपीएस निकामी आहे असे बहुधा म्हणता येते. पंखा फिरला म्हणून तो चांगला ठरत नाही.

संगणक बंद असतानाही, मागचा स्विच चालू असेल तर, एसएमपीएस जांभळ्या तारेतून मदरबोर्डला ५ व्होल्ट पुरवत असतो. बटण दाबल्याचे मदरबोर्डला कळते ते या स्टँडबाय वीजपुरवठ्यामुळे. त्यानंतर मदरबोर्ड हिरव्या तारेचे व्होल्टेज शून्यावर आणतो आणि मगच एसएमपीएसचा मुख्य भाग सुरू होतो. हा स्टँडबाय भाग वर्षानुवर्षे दिवसरात्र चालू राहिल्याने त्यातले कपॅसिटर (वीज साठवणारे घटक) आधी थकतात. लाइट वारंवार जाऊन परत येताना व्होल्टेज उसळले, की अशा थकलेल्या भागाला निमित्त पुरते.

व्होल्टेज मोजायला मल्टिमीटर नसेल तर पुण्यात तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात साधा मिळेल. तो डीसी २० व्होल्टवर ठेवा, कनेक्टर मदरबोर्डवर लावलेलाच असू द्या, काळी टोचणी काळ्या तारेच्या आणि लाल टोचणी जांभळ्या तारेच्या मागच्या बाजूने आत सरकवा. सर्व तारा काळ्या असतील तर ९ क्रमांकाची पिन शोधावी लागेल. आकडा ४.७५ ते ५.२५ यांच्या दरम्यान हवा. तो कमी आला तर यूएसबीला जोडलेले सर्व काही काढून पुन्हा मोजा, आणि शेवटी कनेक्टर काढून मोजा.

एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकून राहू शकतात.

कोथरूडचा वाचक

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे, पण मल्टिमीटर आणण्यापूर्वी पॉवर बटणाचाच संशय घ्यावा असे मला वाटते. माझ्याकडे आठवडाभर डोकेफोड केल्यानंतर कॅबिनेटचे दहा-वीस रुपयांचे बटण अडकलेले निघाले. त्या बटणाच्या दोन बारीक तारा मदरबोर्डवरच्या पिनांवरून काढा आणि त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकमेकींना टेकवा. यंत्र सुरू झाले तर दोष बटणात आहे. पिना नेमक्या त्याच असल्याची खात्री मदरबोर्डवरील छापील अक्षरांवरून करून घ्या.

तुमच्या झिणझिण्यांकडे मी अधिक गंभीरपणे पाहीन. एसएमपीएसच्या फिल्टरमधील कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींना पत्र्याशी जोडतात, त्यामुळे अर्थिंग तुटलेले असेल तर पत्र्यावर २३० व्होल्टच्या निम्मे व्होल्टेज दिसते. अशा वेळी टेस्टरही पेटतो. म्हणजे सॉकेटची तिसरी पिन केवळ शोभेला आहे. वायरमनकडून फेज ते अर्थ व्होल्टेज मोजून घ्या. ते फेज ते न्यूट्रल व्होल्टेजच्या जवळपास यायला हवे. जुन्या इमारतींत अर्थिंगची तार भिंतीतच कुठेतरी संपलेली असते, आणि स्पाइक गार्ड कितीही महागडा घेतला तरी अर्थिंगशिवाय त्याचे संरक्षण अपुरेच राहते.

सहकारनगरकर

दोघांचेही मनापासून आभार. पिना टेकवून पाहिल्या, काही घडले नाही. त्यानंतर मल्टिमीटर आणून मोजले. कनेक्टर लावलेला असताना ३.४ व्होल्ट, यूएसबीवरील सर्व काढल्यावर ३.६, आणि कनेक्टर काढल्यावर ५.०२ आले. मदरबोर्डच्या कोपऱ्यातला हिरवा दिवा लागतो, पण इतका मंद की खोलीतला दिवा मालवल्यावरच तो दिसला. यावरून दोष एसएमपीएसचाच म्हणावा का?

जुना सोल्डर

जवळजवळ तसेच म्हणता येईल, पण एक शक्यता उरते. मदरबोर्डवरच काही शॉर्ट असेल आणि तो प्रमाणाबाहेर करंट खेचत असेल, तर चांगल्या एसएमपीएसचे व्होल्टेजही खाली येऊ शकते. या दोहोंतला निवाडा मल्टिमीटर करू शकत नाही. शेजाऱ्यांकडून अर्ध्या तासासाठी दुसरा एसएमपीएस मागून आणा. तो असेंबल केलेल्या संगणकातलाच असावा, कारण काही ब्रँडेड डेस्कटॉपचे कनेक्टर आणि पिनांची मांडणी वेगळी असते. चोवीस पिनांच्या कनेक्टरबरोबर प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनांचा कनेक्टरही आठवणीने लावा. तो राहिला तर पंखे फिरतील, पण पडद्यावर काहीच येणार नाही, आणि तुम्ही उगाच मदरबोर्डला दोष द्याल.

सहकारनगरकर

काल संध्याकाळी तळमजल्यावरच्या काकांचा एसएमपीएस आणून जोडला आणि पहिल्याच दाबाला यंत्र सुरू झाले. आज ४५० वॉटचा नवा बसवला. त्यावर स्टँडबाय व्होल्टेज ५.०६ येते. पडद्यावर तारीख मात्र १ जानेवारी २०१७ दिसत होती आणि ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाचे प्रमाणपत्र अवैध ठरवत होता. मदरबोर्डवरील नाण्यासारखा सेल मोजला तर ३ ऐवजी २.३ व्होल्ट भरले. सीआर २०३२ सेल बदलला, तारीख दुरुस्त केली आणि हिशेबांची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवली.

झिणझिण्या नव्या एसएमपीएसवरही तशाच आहेत, त्यामुळे अर्थिंगविषयीचा अंदाज बरोबर दिसतो. वायरमन रविवारी येणार असल्याने तोपर्यंत प्लग काढून ठेवला आहे. वडिलांना हे मुळीच पटलेले नाही.