नॅसवर ठेवलेल्या फोटोंची थंबनेल सावकाश का उघडतात?

प्रश्न

माझ्या संग्रहात सुमारे ४०,००० फोटो असून त्यांपैकी साधारण एक तृतीयांश रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या) स्वरूपातले आहेत. संगणकाची डिस्क भरत आल्यामुळे सगळा संग्रह मी नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणुकीच्या यंत्रावर) हलवला. नॅसमध्ये साध्या हार्ड डिस्क आहेत, संगणक एक गिगाबिटच्या स्विचला केबलने जोडलेला आहे आणि नॅसवरचे फोल्डर एसएमबीद्वारे (नेटवर्कवर फाइली वाटून घेण्याच्या पद्धतीने) शेअर केलेले आहे. लॅपटॉपवरूनही तोच संग्रह, त्याच टॅगांसह आणि मानांकनांसह पाहता यावा म्हणून फोटो व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरचा डेटाबेस आणि थंबनेलचा (फोटोंच्या छोट्या चित्रांचा) साठा हे दोन्हीही नॅसवरच ठेवले आहेत.

अडचण अशी की एखादी मोठी व्हिडिओ फाइल नॅसवरून आणताना सेकंदाला १०० मेगाबाइटच्या पुढचा वेग सहज मिळतो, पण २,००० फोटोंचे फोल्डर उघडले की थंबनेल एकेक करून उमटतात, खाली सरकवताना करड्या चौकटी बराच वेळ तशाच राहतात आणि मधूनमधून संपूर्ण खिडकीच गोठते. एकदा सगळी थंबनेल दिसल्यावर सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडले तरी वाट पाहणे संपत नाही. दोन वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये हाच अनुभव आला, म्हणून दोष एकाच सॉफ्टवेअरचा असावा असे वाटत नाही. नेटवर्क अडीच गिगाबिटचे करून घेतले तर फरक पडेल का, की गोम दुसरीकडेच आहे?

पहिले उत्तर

अडीच गिगाबिटचा खर्च आत्ताच करू नका. आपल्याच निरीक्षणात उत्तराचा अर्धा भाग आहे: मोठी फाइल वेगाने येते, याचा अर्थ केबल, स्विच आणि डिस्क यांपैकी काहीही बिघडलेले नाही. एक गिगाबिटची सैद्धांतिक मर्यादा सेकंदाला १२५ मेगाबाइट आहे आणि प्रत्यक्षात ११० च्या आसपास मिळतात, म्हणजे आपले नेटवर्क जवळजवळ पूर्ण क्षमतेने चालते आहे. थंबनेलच्या कामात मात्र ही क्षमता वापरलीच जात नाही, कारण तिथे वेळ बाइट वाहून नेण्यात कमी आणि विचारणा करून उत्तराची वाट पाहण्यात जास्त जातो. टँकरभर पाणी एका फेरीत आणणे आणि तेवढेच पाणी तांब्यातांब्याने आणणे यांत पाणी सारखेच असले तरी फेऱ्या सारख्या नसतात.

एका फोटोसाठी सॉफ्टवेअरला फाइल उघडावी लागते, तिचा आकार आणि बदलाची वेळ विचारावी लागते, मजकूर वाचावा लागतो आणि फाइल बंद करावी लागते. ढोबळमानाने या चार फेऱ्या झाल्या. केबलवर एका फेरीला अर्धा मिलिसेकंद धरला तर २,००० फोटोंसाठी ४ सेकंद होतात. वायफायवर तीच फेरी ५ मिलिसेकंदांची झाली तर ४० सेकंद. त्यात हार्ड डिस्कची भर पडते. लहानलहान फाइली डिस्कवर विखुरलेल्या असतात, डिस्कचे हेड (माहिती वाचणारा भाग) दरवेळी नव्या जागी न्यावे लागते आणि अशा एका हालचालीला १० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. एका फोटोमागे अशा दोनच हालचाली धरल्या तरी २,००० फोटोंना आणखी ४० सेकंद लागतात, आणि नेटवर्क कितीही वेगवान केले तरी हे ४० सेकंद कमी होत नाहीत.

सॉफ्टवेअर फाइलचा किती भाग वाचते, हाही प्रश्न आहे. जेपेग फोटोच्या सुरुवातीला एक्झिफचा (फोटोविषयीच्या माहितीचा) जो विभाग असतो तो ६४ किलोबाइटपेक्षा मोठा असू शकत नाही आणि बहुतेक कॅमेरे त्यातच १६० बाय १२० पिक्सेलचे छोटे चित्र ठेवून देतात. तेवढेच वाचले तर २,००० फोटोंमागे जास्तीत जास्त १२८ मेगाबाइट येतात, म्हणजे जेमतेम सव्वा सेकंदाचे काम. पण थंबनेल मोठ्या आकाराची हवी असतील तर हे चित्र पुरत नाही आणि मूळ फाइल पूर्ण वाचावी लागते. एका फाइलचे सरासरी ६ मेगाबाइट धरले तर १२ गिगाबाइट होतात आणि ते आणायला आपल्या केबलवर दोन मिनिटांच्या आसपास जातील. म्हणून आधी सेटिंगमध्ये थंबनेलचा आकार पाहा आणि छोटी अंतर्भूत चित्रे वापरण्याची सोय असेल तर ती सुरू करा. रॉ फाइलींच्या पोटातही तयार जेपेग असते. संपूर्ण रॉ उलगडण्याऐवजी तेच काढून घेणारे सॉफ्टवेअर नेटवर्कवर कितीतरी चपळ वाटते.

दुसरे उत्तर

वरील हिशेब बरोबर आहे, पण तो पहिल्यांदा फोल्डर उघडण्यापुरता आहे. आपल्या प्रश्नातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट निराळी आहे: दुसऱ्यांदा उघडतानाही तितकाच वेळ लागतो. एकदा तयार झालेली थंबनेल साठ्यातून क्षणात यायला हवीत. ती येत नसतील तर एकतर साठाच चुकीच्या जागी आहे किंवा सॉफ्टवेअर तो साठा दरवेळी शिळा समजून टाकून देते आहे. आपल्याकडे या दोन्ही गोष्टी एकत्र घडत असण्याची शक्यता आहे.

आधी जागेविषयी. अशी बरीच सॉफ्टवेअर डेटाबेससाठी एसक्यूलाइट (सगळा डेटाबेस एकाच फाइलीत ठेवणारी प्रणाली) वापरतात. डिजिकॅम हे फोटो व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर थंबनेलसुद्धा एसक्यूलाइटच्या वेगळ्या फाइलीत ठेवते आणि लाइटरूम क्लासिक या तशाच सॉफ्टवेअरचा कॅटलॉगही (म्हणजे डेटाबेसही) एसक्यूलाइटचाच असतो. एसक्यूलाइट हा सर्व्हर नाही. ते आपल्याच संगणकावर चालते आणि डेटाबेसची फाइल थेट वाचते. ती फाइल नॅसवर असेल तर प्रत्येक वाचनाआधी नेटवर्कवरून कुलूप (दोघांचे काम एकमेकांत मिसळू नये म्हणून फाइलवर लावलेली रोक) घ्यावे लागते, मधल्या काळात दुसऱ्या कोणी बदल केला आहे का हे फाइलच्या सुरुवातीची नोंद वाचून तपासावे लागते आणि मग ४ किलोबाइटच्या एकेका पानासाठी फेऱ्या घालाव्या लागतात. स्वतःच्या एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर) ज्या गोष्टी जाणवतही नाहीत, त्या नेटवर्कवर खिडकी गोठवतात.

वेगापेक्षा मला काळजी वाटते ती डेटाबेसच्या सुरक्षिततेची. नेटवर्कवरच्या फाइलींना लावलेली कुलपे सगळीकडे विश्वासाने पाळली जात नाहीत. दोन संगणकांनी एकाच वेळी लिहिले तर डेटाबेस खराब होऊ शकतो, असा इशारा एसक्यूलाइटच्या अधिकृत दस्तऐवजातच दिलेला आहे. त्याची डब्ल्यूएएल ही (बदल आधी वेगळ्या फाइलीत नोंदवण्याची) पद्धत तर नेटवर्कवरच्या फाइलसाठी चालतच नाही, कारण डेटाबेस वापरणारे सगळे प्रोग्रॅम एकाच संगणकावर असावेत ही तिची अट आहे. लाइटरूम क्लासिक नेटवर्कवरचा कॅटलॉग उघडायला सरळ नकार देते आणि तो नकार योग्य आहे. तेव्हा मूळ फोटो नॅसवर खुशाल राहू द्या, पण डेटाबेस आणि थंबनेल संगणकाच्या स्वतःच्या एसएसडीवर आणा आणि तोपर्यंत लॅपटॉपवरून तोच डेटाबेस उघडू नका.

लॅपटॉपचा प्रश्न दोन प्रकारे सुटतो. सॉफ्टवेअरला मारियाडीबी किंवा मायएसक्यूएल हा डेटाबेस सर्व्हर चालत असेल, जसे डिजिकॅमला चालते, तर तो सर्व्हर नॅसवर चालवावा. मग कुलपांचे काम सर्व्हर स्वतः करतो आणि नेटवर्कवरून फक्त प्रश्न आणि उत्तरे जातात. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, कारण तो साधा आहे. टॅग आणि मानांकने प्रत्येक फोटोशेजारच्या एक्सएमपी (फोटोची माहिती वेगळी ठेवणाऱ्या) फाइलीत लिहायची आणि दोन्ही यंत्रांवर आपापला डेटाबेस ठेवायचा. एकीकडे केलेला बदल दुसरीकडे त्या फाइली पुन्हा वाचल्यावर दिसतो, आणि तेवढा उशीर चालण्यासारखा आहे.

आता साठा शिळा ठरण्याविषयी. बहुतेक सॉफ्टवेअर फाइलच्या बदलाची वेळ पाहून थंबनेल ताजे आहे की नाही हे ठरवतात. टॅग थेट फोटोच्या फाइलीत लिहिले की ती वेळ बदलते आणि चित्रात काडीचाही फरक नसताना थंबनेल नव्याने बनवले जाते. शेजारच्या एक्सएमपीत लिहिल्यास मूळ फाइलला हात लागत नाही, हा त्या मार्गाचा आणखी एक फायदा. फाइलचा पत्ता, म्हणजे ती कोणत्या फोल्डरात आहे ते, बदलल्यानेही हेच होते. लिनक्सच्या डेस्कटॉपवर वापरला जाणारा थंबनेलचा सामाईक साठा तर फाइलच्या संपूर्ण पत्त्यावरूनच थंबनेलला नाव देतो, त्यामुळे नॅसचे फोल्डर आज एका जागी आणि उद्या दुसऱ्या जागी जोडले गेले तर आधीचे सगळे थंबनेल निरुपयोगी ठरतात. विंडोजवर ड्राइव्हचे अक्षर बदलल्यानेही असा गोंधळ होऊ शकतो. नॅस नेहमी त्याच नावाने आणि त्याच जागी जोडला जाईल, याची खात्री करून घ्या.

प्रश्नकर्त्याकडून

दोघांचेही मनापासून आभार. डेटाबेस आणि थंबनेल संगणकाच्या एसएसडीवर आणले आणि फरक अगदी ठळक आहे: ज्या फोल्डरांची थंबनेल एकदा तयार झाली ती आता लगेच उघडतात आणि खिडकी गोठणेही थांबले. टॅग एक्सएमपीत लिहायला सुरुवात केली आहे. दोन गोष्टी राहिल्या. सॉफ्टवेअर सुरू केल्यावर नॅसच्या डिस्क बराच वेळ घरघरत राहतात आणि तेवढ्या वेळात काहीच नीट चालत नाही. आणि उरलेल्या हजारो फोटोंची थंबनेल एकदाची तयार करून घेण्याचा समजूतदार मार्ग कोणता?

तिसरे उत्तर

सुरुवातीची घरघर ही बहुधा नव्या फोटोंच्या शोधाची आहे. सॉफ्टवेअर सुरू होताच सगळा संग्रह फिरून कोणती फाइल नवी आली, कोणती गेली हे पाहते. एसएमबीमध्ये फोल्डरची यादी मागितली की अनेक फाइलींची नावे, आकार आणि वेळा एकाच उत्तरात मिळतात, त्यामुळे नीट लिहिलेले सॉफ्टवेअर हे काम थोडक्या फेऱ्यांत उरकते. पण जे सॉफ्टवेअर ४०,००० फाइलींची चौकशी एकेक करून करते त्याला ४०,००० फेऱ्या घालाव्या लागतात. ही तपासणी सेटिंगमधून बंद करता येते. ती बंद करा आणि नवे फोटो घातल्यावर तेवढ्याच फोल्डरची तपासणी हाताने करा. काही काळ वापर नसला की नॅसच्या डिस्क झोपतात आणि पुन्हा फिरू लागायला त्यांना काही सेकंद लागतात. पहिल्या क्लिकला होणारा उशीर तेवढाच असेल तर तो सोसावा किंवा झोपेची मुदत वाढवावी.

अँटिव्हायरसही पाहा. नेटवर्कवरून उघडलेली प्रत्येक फाइल तपासण्याची सेटिंग चालू असेल तर एक्झिफपुरते काही किलोबाइट वाचण्याचा आपला प्रयत्न वाया जातो, कारण अँटिव्हायरस संपूर्ण फाइल ओढून घेऊ शकतो. फोटोंचे फोल्डर त्या तपासणीतून वगळता येते. तसेच काही नॅस आपल्या स्वतःच्या गॅलरीसाठी लपवलेल्या फोल्डरांत वेगळी थंबनेल बनवून ठेवतात. आपण ती गॅलरी वापरत नसाल तर ती सेवा बंद करा, म्हणजे डिस्कवरचा भार हलका होईल आणि आपले सॉफ्टवेअर ती छोटी चित्रे फोटो समजून संग्रहात घेणार नाही.

थंबनेल एकदम तयार करायला रात्रीची वेळ बरी. डिजिकॅममध्ये देखभालीच्या साधनांत सगळी थंबनेल नव्याने बांधण्याची सोय आहे आणि इतर सॉफ्टवेअरमध्येही तिच्यासारखे काहीतरी असते. हे काम केबलवरूनच करावे. एकाच वेळी किती फाइली वाचायच्या हे ठरवता येत असेल तर आकडा लहान ठेवा, असे माझे मत आहे: काही फाइली समांतर वाचल्याने फेऱ्यांची वाट पाहणे झाकले जाते, पण हार्ड डिस्कवर हा आकडा फार वाढवला तर हेड सतत इकडून तिकडे धावत राहते आणि एकूण वेग उलट घटतो. लॅपटॉपसाठीही पहिली बांधणी केबल लावूनच करून घ्यावी. नंतर वायफायवर थंबनेल पाहताना नॅसला जवळजवळ काही विचारावेच लागत नाही.

डेटाबेस आता नॅसवर नसल्यामुळे नॅसच्या बॅकअपमध्ये तो आपोआप येणार नाही. सॉफ्टवेअर पूर्ण बंद असताना त्याची प्रत नॅसवर घेत चला, कारण चालू असताना केलेली साधी नक्कल अर्धवट लिहिलेल्या अवस्थेतली निघू शकते. थंबनेलची फाइल त्या प्रतीत घेण्याची गरज नाही. ती केव्हाही पुन्हा तयार होते.