डोळा सुजलाय, काय करू? (सोसायटीचा ग्रुप)

बी-३०२: धाकट्याचा डावा डोळा सकाळपासून सुजलाय. पापणी लाल, उघडतच नाही. ताप १०२. सर्दीला आज १२ दिवस झाले.

ए-१०४ काका: डास चावला असेल. टाकीचं झाकण मी ३ वेळा सांगितलंय.

सेक्रेटरी: काका, टाकी नंतर.

सी-२०१: वाफ द्या. सर्दीच ती.

डी-५०३ डॉक्टर वहिनी: वाफ नको. डोळा फिरवताना दुखतोय? एकाचे दोन दिसतात?

बी-३०२: वर बघ म्हटलं की रडतोय.

डॉक्टर वहिनी: आत्ताच निघा. सायनस म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्या. त्या आणि डोळा यांच्यामधलं हाड कागदासारखं पातळ असतं. संसर्ग तिथून डोळ्याच्या खोबणीत शिरतो. पू साठून डोळ्याच्या नसेवर दाब आला तर नजर जाऊ शकते.

सी-२०१: वहिनी, एवढं घाबरवू नये. आमच्या वेळी गार पाण्याची पट्टी ठेवायचे.

बी-४०४: लिफ्ट ५ मिनिटं बंद पडली तेव्हा कोण ओरडत होतं? 😄

सी-२०१: तो विषय वेगळा.

बी-३०२: आमच्या गाडीपुढे पुन्हा कुणाची तरी गाडी आहे!!

सेक्रेटरी: @सी-२०१ 🙏

सी-२०१: येतोय. ५ मिनिटांसाठीच लावली होती.

बी-४०४: कालपासूनची ५ मिनिटं.

ए-१०४ काका: झाकण उघडंच आहे.

बी-१०३: वहिनी, शेंबूड हिरवा झाला की अँटिबायोटिक सुरू करायचं ना? उरलेलं आहे घरात.

डॉक्टर वहिनी: उरलेलं अजिबात नाही! नुसत्या रंगावरून कळत नाही, बहुतेक सर्दी विषाणूची असते. १० दिवसांत उतार नाही, किंवा बरं होता होता पुन्हा ताप चढला, तर दाखवा. पण भयंकर डोकेदुखी, उलट्या, गुंगी, ताठ मान, फिट (आकडी), कपाळावर मऊ सूज, यातलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय. पू मेंदूपर्यंत गेलेला असू शकतो.

ए-४०१: कपाळावर सुद्धा?? आमची ११ वर्षांची परवापासून डोकं धरून बसते.

डॉक्टर वहिनी: कपाळातला सायनस ६-७ वर्षांनंतर वाढतो, म्हणून हे मोठ्या मुलांत जास्त. फोन करा मला.

(रात्री ९.४०)

बी-३०२: सीटी स्कॅन झाला. हाडालगत थोडा पू आहे. शिरेतून अँटिबायोटिक चालू. दर काही तासांनी नजर तपासतात. उतार पडला नाही तर ऑपरेशन म्हणाले.

सी-२०१: काळजी घ्या. गाडी जागेवर लावली आहे.

ए-१०४ काका: आणि झाकण?