पाटील काकांच्या नंबरवरून आलेली चलानची फाइल

नेहा साठे (बी-४०२): सगळ्यांनी आधी हे वाचा. आत्ता ग्रुपवर पाटील काकांच्या नंबरवरून ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल, आली आहे. कुणीही उघडू नका. ॲडमिन, ती लगेच डिलीट करा.

शिंदे काका (ए-१०१): माझं एक चलान बाकी आहे, म्हणून मी दाबली. इन्स्टॉल करू का विचारतंय. पाटलांनीच पाठवलीय ना?

नेहा साठे: काका, कॅन्सल करा आणि फाइल उडवा. इन्स्टॉल केलं नसेल तर काळजीचं काही नाही. पाटील काकांनी ती पाठवलेलीच नाही, त्यांच्या व्हॉट्सॲपवरून परस्पर सगळ्यांना जातेय.

ॲडमिन: डिलीट केली.

कुलकर्णी काकू (बी-२०३): अगं, पण पिन तर आपल्या डोक्यात असतो. मोबाइलमधला व्हायरस पैसे कसे काढेल?

नेहा साठे: काकू, हे ॲप आत आलं की एसएमएस वाचायची परवानगी मागतं. आपण घाईत ‘अलाउ, अलाउ’ करत जातो. पुष्कळदा मग आयकॉनच गायब होतो आणि आपल्याला वाटतं, फाइल खराब होती. तिकडे मात्र आपला प्रत्येक एसएमएस चोराला दिसत असतो. त्यात बँकेचा ओटीपी आला, व्हॉट्सॲपचाही आला. कार्ड नंबर आणि पिन मिळवायला चलान भरायचं खोटं पान दाखवतात, ते आपणच भरून देतो. काही ॲप्स ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागतात. ज्यांना दिसत नाही त्यांना फोन वापरता यावा म्हणून ती सोय आहे. ती दिली की ॲप स्क्रीन वाचतं आणि आपल्या जागी बटणंही दाबतं. अंधांसाठी केलेली सोय चोरीला वापरतात, याची मला फार चीड येते.

खरं चलान महाट्रॅफिकवर किंवा परिवहनच्या ई-चलान साइटवर गाडीचा नंबर टाकून बघता येतं. त्यासाठी कुणी एपीके पाठवत नाही.

मंदार पाटील (बी-५०१): बाबांचा फोन माझ्या हातात आहे. रात्री खात्यातून दोनदा पैसे गेलेत. बाबा खूप घाबरलेत. रीसेट मारू का?

नेहा साठे: आत्ता नको, पुरावा जाईल. फ्लाइट मोड टाक, वायफाय बंद कर. तुझ्या फोनवरून आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन कर आणि लगेच बँकेला. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असतात, लवकर कळवलं तर मध्येच अडवता येतात. बँकेच्या मेसेजचे फोटो काढ, सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाक. रीसेट त्यानंतर. पासवर्ड बदलशील ते दुसऱ्या फोनवरून. आणि काकांना कुणी बोलू नका, ओळखीच्या माणसाकडूनच त्यांनाही आलं असणार.

सावंत (खजिनदार): ऑफिसच्या कॉम्प्युटरचं काय? मेंटेनन्सचा सगळा हिशेब त्यात आहे. बॅकअपचा पेन ड्राइव्ह लावलेलाच असतो.

राणे (सी-३०२): सावंतसाहेब, तो आजच काढून कपाटात ठेवा. खंडणीवाला व्हायरस आला तर लावलेला ड्राइव्हही कुलूपबंद करतो. मी तेव्हा न्हावा शेव्यात क्लिअरिंगचं काम करायचो. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने तिथल्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प केलं होतं. तो व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला आणि झळ इथे आपल्याला! त्याआधी मे महिन्यात वॉनाक्राय आला, १५० देशांत. त्यावरचं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी टाकलं नाही ते अडकले. आपल्या ऑफिसात अजून विंडोज ७ आहे आणि त्याचा नेहमीचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपलाय. दुरुस्तीच्या फंडातून नवा कॉम्प्युटर घ्या, माझा पाठिंबा.

सावंत (खजिनदार): ड्राइव्ह काढला. खर्चाचा विषय कमिटीपुढे ठेवतो.

मंदार पाटील: १९३० ला तक्रार नोंदवली. बँकेने खातं गोठवलंय.

नेहा साठे: बरं केलंस. अजून कुणी इन्स्टॉल केलं असेल तर संकोच न करता माझ्याकडे या, मी घरीच आहे. आपले वॉचमन आणि कामाच्या मावशी ग्रुपवर नाहीत, पण काकांच्या फोनमध्ये त्यांचे नंबर आहेत. मी गेटवर जाऊन सांगते, ए विंगच्या मावशींना कुणीतरी सांगा.

शिंदे काका: आमच्याकडे आत्ताच आल्यात. फोन बघतो त्यांचा.