दहावीनंतर सोळा वर्षांनी परत गणित, फंक्शन आलं की हातपाय गळायलेत

उधारीची_वही (परभणी)

नमस्कार सगळ्यांना. आधीच सांगते मी बीए मराठी, दहावी २००९ ची, मराठी मीडियम, आणि अकरावीला आर्ट्स घेतलं ते खरं सांगायचं तर गणितापासून सुटका म्हणूनच. आता ३२ व्या वर्षी आयआयटी मद्रासचा तो ऑनलाइन बीएस डेटा सायन्स आहे ना, त्याला ॲडमिशन घेतलंय. बारावी कुठल्याही शाखेची चालते, दहावीला गणित इंग्रजी असलं की बास, एवढं वाचून फॉर्म भरला. क्वालिफायर (प्रवेशाची परीक्षा) कसा निघाला ते माझं मलाच माहीत. आता फाउंडेशनचं, म्हणजे पहिल्या पातळीचं, मॅथ्स वन चालूय आणि संच, रेषा इथपर्यंत ठीक होतं पण फंक्शन म्हणलं की डोकं बंद पडतंय, आणि पुढं लॉग येणारेत म्हणे.

घरचं कृषी केंद्र आहे, खत बियाणं औषधं, सगळा हिशोब मीच बघते. तोंडी हिशोबात मला कुणी हरवू शकत नाही, दहा पोती डीएपी, चार युरिया, त्यातून मागची उधारी, सगळं गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत तयार. पण हेच कागदावर एक्स वाय आलं की कळंना झालंय.

परवाचं गणित सांगते. एफ ऑफ एक्स = एक्स² − ४एक्स + १, तर एफ ऑफ (एक्स + २) काढा. मी लिहिलं एक्स² + २ − ४एक्स + २ + १, म्हणजे एक्स² − ४एक्स + ५. चूक दाखवलं. बरोबर उत्तर म्हणे एक्स² − ३. अहो माझा ४एक्स गेला कुठं?? व्हिडिओ तीनदा बघितला, ते सर इंग्रजीत पटकन पुढं जातात आणि मी तिथंच.

मृग लागला की दुकानात पाणी प्यायला वेळ नसतो, त्याच्या आत काहीतरी जमवायचंय. आठवीपासून परत सुरू करू का? का क्लास लावू? का सोडून देऊ (हे नवऱ्याला विचारलं नाही अजून).

जिंतूर_रोड

जगात जर्मनी भारतात परभणी, ताई सोडायचं नाही 😄 मी पण ह्याच कोर्सला आहे, एक टर्म पुढं. डेस्मॉस उघडा मोबाईलवर, फुकट आहे, समीकरण टाकलं की आलेख दिसतो. मी निम्मं त्यावरच शिकलो.

स्पष्टवक्ता_बीड

राग मानू नका पण ह्या वयात वर्गसमीकरणं सोडवून काय करणार आहात. टॅली शिका, एक्सेल शिका, दुकानाला उपयोग होईल. हे आयआयटीचं नाव ऐकून सगळे पळायलेत त्यामागं. आमच्या ओळखीत दोघांनी घेतलं आणि दोघांनी सोडलं.

निवृत्त_मास्तर (अंबाजोगाई)

बीडकर, त्यांनी विचारलंय कसं करू, करू का हे विचारलं नाही. (शेवटच्या ओळीत विचारलंय, पण ते कंसात आहे.)

ताई, कंसावरूनच सुरू करतो कारण तुमची चूक फंक्शनची नाहीच, कंसाची आहे. एक्सच्या जागी एक्स + २ ठेवायचं म्हणजे ते आख्खं गाठोडं ठेवायचं, गाठ न सोडता. तुम्ही गाठोडं सोडून फक्त २ तेवढा बाजूला टाकला. असं लिहा: (एक्स + २)² − ४(एक्स + २) + १. आधी एवढंच लिहा आणि पेन खाली ठेवा. मग एक एक गाठ सोडा. पहिली सोडली की एक्स² + ४एक्स + ४. दुसरी सोडली की − ४एक्स − ८, इथं वजा आत दोघांनाही लागतो हे लक्षात ठेवा, निम्मी दुनिया इथंच पडते. आणि तो १. प्लस ४एक्स आणि मायनस ४एक्स एकमेकांना खाऊन गेले, ४ − ८ + १ म्हणजे − ३. हा तुमचा हरवलेला ४एक्स.

मी चौतीस वर्षं शिकवलं, अकरावी सायन्सला आलेली पोरं ह्याच ठिकाणी अडकायची, आणि त्यांना वाटायचं अकरावी अवघड आहे. अकरावी अवघड नव्हती, आठवीतला कंस कच्चा होता. एक करा, आपल्या चुकांची वेगळी वही करा, उत्तरं नाही लिहायची त्यात, फक्त कुठल्या ओळीत घसरलो ती ओळ. पंधरा दिवसांत दिसेल की चुका पन्नास नाहीत, तीनच आहेत आणि त्याच परत परत यायल्यात.

आता फंक्शन. तुमचं नावच उधारीची वही आहे तर मला वेगळं उदाहरण शोधायची गरजच नाही. वहीत डाव्या बाजूला खातेदाराचं नाव, उजवीकडं आजची बाकी. प्रत्येक नावापुढं बाकी एकच. एकाच माणसापुढं ४५०० पण आणि ६२०० पण असं लिहिलेलं सापडलं तर तुम्ही काय म्हणाल, वही चुकली. गणितवाले म्हणतात हे फंक्शन नाही. आलेखावर उभी रेघ मारून बघायची जी टेस्ट व्हिडिओत असेल ती हीच, एका नावापुढं दोन आकडे आहेत का एवढंच ती बघते. पण दोन वेगळ्या माणसांची बाकी ४५०० असू शकते का? असू शकते की. वही बरोबरच आहे. फक्त मग उलटं विचारता येत नाही, की ४५०० बाकी कुणाची. दोन नावं येतील. आडव्या रेघेची टेस्ट म्हणजे हे, आणि इन्व्हर्स, म्हणजे उलटं फंक्शन, कधी निघतो कधी नाही ते पण हेच. पुढं लॉग येतील तेव्हा हे आठवा, लॉग म्हणजे उलटं वाचलेली वही.

पुस्तकांचं, क्लास लावू नका. बालभारतीची नववी दहावीची पुस्तकं मराठीतून त्यांच्या साइटवर पीडीएफ मिळतात. तुमच्या वेळची पुस्तकं गेली, नववीचं २०१७ ला बदललं, दहावीचं २०१८ ला. तुमच्या कोर्सचं पहिलं चार आठवड्यांचं बरंचसं ह्यातच आहे बघा, नववी भाग एक मध्ये संच आणि बहुपदी, दहावी भाग एक मध्ये वर्गसमीकरणं, भाग दोन मध्ये निर्देशक भूमिती, त्यात रेषेचा चढ. चढ म्हणजेच स्लोप. आधी मराठीत एक धडा, त्याच विषयाचा इंग्रजी व्हिडिओ नंतर. शब्द ओळखीचा झाला की सरांचा वेग तेवढा वाटत नाही. आठवीपासून सगळं करत बसाल तर मृग काय दिवाळी येईल.

उधारीची_वही (परभणी)

सर तुमच्या पाया पडते. गाठोडं कळलं. आत्ता दुकानात बिलबुकाच्या मागं परत केलं आणि एक्स² − ३ आलं!! पण एक विचारू, जिंतूर रोड दादांनी सांगितलं म्हणून दोन्ही डेस्मॉसवर टाकले, तर आलेख तोच आहे फक्त डावीकडं सरकलाय. मी २ मिळवले ना, मग उजवीकडं जायला पाहिजे होता? का मीच काही उलटं टाकलं?

जिंतूर_रोड

उलटं नाही टाकलं, ह्यावर माझी पण एक रात्र गेलीय

निवृत्त_मास्तर (अंबाजोगाई)

बरोबर टाकलंय आणि प्रश्न उत्तम विचारलाय. पहिल्या आलेखाचा तळ कुठं होता? एक्स २ असताना, उत्तर − ३. आता नव्या फंक्शनमध्ये तुम्ही शून्य घातला तरी ते स्वतः २ मिळवून घेतं आणि जुन्याकडं २ च पाठवतं. म्हणजे जे आधी २ वर घडायचं ते आता ० वरच घडतंय, दोन घरं अगोदर. अगोदर म्हणजे डावीकडं. म्हणून तर उत्तर एक्स² − ३ आलं, तळ शून्यावर, खोली तीच.

विद्यापीठ_गेट (परभणी)

मी इथं कृषी विद्यापीठात आहे, गणित माझा प्रांत नाही पण तळ निघालाच आहे तर एक सांगतो, हा तळ किंवा शिखर काढायला आलं की वर्गसमीकरण आवडायला लागतं. आमच्याकडं शेळ्यांसाठी गोठ्याच्या भिंतीला लागून वाडा करायचा होता, जाळी ४० फूट, भिंतीच्या बाजूला जाळी लागत नाही. दोन बाजू एक्स एक्स, तिसरी ४० − २एक्स. जागा = एक्स(४० − २एक्स). चौकोनी करायचा म्हणून काका १३-१३ फुटावर खुंट्या ठोकून बसले होते. हिशोब केला तर शिखर एक्स = १० ला येतं, तिसरी बाजू २०, जागा २०० चौरस फूट. काकांचं १३ आणि १४ नं १८२ येतं. काका म्हणाले अठरा फुटासाठी खुंट्या उपटायच्या का. उपटल्या नाहीत.

नांदेडची_लेक

मी सध्या अमेरिकेत आहे, बीकॉम करून आले आणि इथल्या कम्युनिटी कॉलेजात कॉम्प्युटरला जायचं तर आधी गणिताची प्लेसमेंट टेस्ट (कुठल्या पातळीपासून सुरू करायचं ते ठरवणारी) दिली, त्यात कमी पडले म्हणून मला एक सेमिस्टर प्रीकॅल्क्युलस घ्यायला लावलं. नाव ऐकून घाबरले होते पण उघडून बघितलं तर हेच सगळं, फंक्शन, बहुपदी, लॉग, आणि वर त्रिकोणमिती. आपल्याकडं असा वेगळा विषयच नाही, अकरावी सायन्सच्या पुस्तकात सगळं मिसळलेलं असतं म्हणून गणित न घेतलेल्या आर्ट्स कॉमर्सवाल्याला हे कुठंच भेटत नाही. माझ्या वर्गात एक नर्स होत्या, एक ट्रकवाले होते पन्नाशीचे, पुढच्या बाकावर बसायचे. बीडच्या दादांना एवढंच सांगते की तिथं वय कुणी विचारलं नाही. खान अकॅडमीवर प्रीकॅल्क्युलस ह्याच नावाचा कोर्स फुकट आहे, मला त्याचा फार आधार झाला.

लॉगची भीती घालवते तुझी. शेकडा दोननं पैसे घेतात माहितीये ना, महिन्याला शंभराला दोन. व्याजावर व्याज धरलं तर मुद्दल किती महिन्यांत दुप्पट होईल? १.०२ चा कितवा घात केला की २ होतो, एवढाच प्रश्न आहे, आणि घात शोधायचं काम म्हणजे लॉग. लॉग २ म्हणजे ०.३०१०, लॉग १.०२ म्हणजे ०.००८६, भागाकार कर, ३५. पस्तीस महिने. मोठमोठे गुणाकार भागाकार हातानं लवकर व्हावेत म्हणूनच नेपिअरनं १६१४ मध्ये लॉगचे तक्ते छापले, तेव्हा कॅल्क्युलेटर कुठला.

आणि हो, मोबाईलवर गणित बघत बसू नकोस, कागदावर कर. मी पहिला महिना नुसते व्हिडिओ बघून मान डोलवली आणि पहिल्या टेस्टला शून्य.

स्पष्टवक्ता_बीड

बरं बाबा. मी माघार घेतो. पण ३५ महिन्यांचं खरं आहे का? आम्ही ५० समजत होतो.

नांदेडची_लेक

सरळ व्याजानं ५० च. चक्रवाढ धरलं की ३५.

उधारीची_वही (परभणी)

चार दिवस नव्हते कारण बियाण्याची गाडी आली होती. अपडेट देते. चुकांची वही केली, सर म्हणले तसं तीनच निघाल्या. एक कंसाआधीचा वजा, दुसरी − ३ चा वर्ग − ९ लिहिते, तिसरी घाई. असाइनमेंट दहापैकी सात बरोबर, मागच्या वेळी तीन होते.

ते शेकडा दोनचं काउंटरवर करत होते तर सासरे मागं उभे राहून बघायलेत. म्हणाले, शेकडा तीननं किती? मी १.०३ चा लॉग ०.०१२८ धरला, साडेतेवीस आले. म्हणलं साडेतेवीस महिने मामा. तर खुर्ची ओढून बसले. म्हणाले ७२ च्या दुष्काळात आबांनी शेकडा तीननंच घेतले होते, तीन वर्षं देणं झालं नाही, मग वरचा जमिनीचा तुकडा गेला. मी ३६ महिने घालून बघितलं, शंभराचे दोनशे नव्वद होतात. त्यांना आकडा दाखवला. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि उठून गोडाऊनला गेले, काही बोलले नाहीत.

लॉगचा बेस (ज्या आकड्याचा घात काढतो तो) बदलायचं सूत्र अजून कळलं नाही, ते संध्याकाळी विचारते, गिऱ्हाईक आलंय.